बाळाचं दुपटं: लुगडं, गिरणी आणि टाका



गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तिघी-चौघींच्या घरी पाळणा हलला आणि प्रत्येकीनं मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, बाळाचं दुपटं हातानं शिवलं, पण पहिल्या धुण्यातच गोळा झालं. टाका कुठे चुकतो?" मी टाका सांगायला बसले की बोलणं हमखास कापडावर यायचं. कारण दुपट्याचा टाका कापडावरून ठरतो. आपल्या आज्या-पणज्या जो टाका घालायच्या तो त्यांच्या हातातल्या कापडासाठी होता. कापड बदललं आणि टाका तोच राहिला, म्हणून दुपटं गोळा होतं. हे कापड कसं बदललं ही गोष्ट मोठी आहे आणि तिचा बराचसा भाग आपल्या ठाण्यातच घडला. म्हणून आज आधी इतिहास, मग शिवण.

नावापासून सुरुवात करू. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिकडे आम्ही वाकळ म्हणतो. सासरी ठाण्यात गोधडी म्हणतात. लहान बाळाचं असतं ते दुपटं. शब्दातच अर्थ आहे, दोन पट. मोठ्या माणसाच्या वाकळेत सहा-सात पदर असायचे, थंडीच्या गावात त्याहूनही जास्त. बाळाच्या दुपट्यात दोन, फार तर तीन. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, कुंची यांच्याबरोबर दोन-चार दुपटी असायचीच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली पहिल्यांदा निघाला. गोधडी, वाकळ हे शब्द त्यातही सापडतात. म्हणजे तेव्हाही हे रोजच्या घरातले शब्द होते.

श्रीमंतांच्या गोधड्यांचा इतिहास लिहिलेला सापडतो. बंगालमधल्या सातगावच्या रेशमी भरतकामाच्या गोधड्या सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी जहाजानं युरोपात नेत. त्यातल्या काही आजही तिथल्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. आपल्या मराठा घोडेस्वारांचे कापूस घालून टाचलेले डगले होते, त्यांचे उल्लेख मिळतात. दुलया, रजया, लेप हे वाड्यांमधले प्रकार. साध्या घरातलं बाळाचं दुपटं मात्र जपून ठेवायची वस्तूच नव्हती. पहिल्या बाळानं वापरलं, दुसऱ्यानं वापरलं, मग ते फाटून बाळोती झाली, मग पोतेरं झालं आणि संपलं. आपल्या बायकांच्या हाताचं सगळ्यात जास्त काम ज्या वस्तूत गेलं, तीच वस्तू मागे उरली नाही.

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक केलं. ते काढलं फ्रान्समधल्या क्विल्टमेनिया या प्रकाशनानं. आपल्या वाकळेचं पुस्तक फ्रान्सहून यावं याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, नवल कसलं? आपण तिला कधी मोठी वस्तू मानलीच नाही. चिंध्यांचं काम म्हणजे गरिबीची खूण, असंच आपल्याला वाटत आलं. खरं तर आपल्याकडे चिंधीला मानही मिळालेला आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचं वस्त्र घालून गावोगाव फिरले आणि लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

लुगड्याचा प्रवास

आता कापडाकडे येऊ. नऊवारी सुती लुगडं म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. साध्या घरातल्या बाईकडे अशी दोन किंवा तीन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर, एक सणाला. रोज नेसून, रोज दगडावर आपटून धुऊन लुगडं बसण्याच्या जागी विरायचं. मग तो विरलेला भाग कापून उरलेले दोन चांगले भाग जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं जायचं. मग त्याचे परकर, लहान मुलींच्या ओढण्या, फडकी. आणि मग वाकळ.

वाकळेत येईपर्यंत त्या कापडातली खळ केव्हाच गेलेली असायची. शेकडो वेळा धुतल्यामुळे सूत मऊ पडलेलं असायचं. आता ते आटायचं नाही, रंग सोडायचं नाही, पाणी पटकन शोषायचं आणि उन्हात तासाभरात वाळायचं. तान्ह्या बाळाच्या कातडीला याहून चांगलं कापड नाही. नव्या बाळाला पहिलं वस्त्र जुनं घालावं, जमलं तर दुसऱ्याच्या घरचं घालावं, अशी आपल्याकडे पद्धत होती. नव्या कापडाला दृष्ट लागते असं कारण सांगत. खरं कारण कातडीला कळत होतं.

ही समजूत आपल्यापुरतीच नाही. चीनमध्ये नव्या बाळासाठी शंभर घरांतून कापडाचे तुकडे गोळा करून पांघरूण शिवायची जुनी रीत आहे. शंभर घरांचे आशीर्वाद बाळाला मिळावेत हा त्यामागचा भाव. बिहारमध्ये सुजनी आहे. ती मूळची बाळासाठीच शिवायची. आईच्या जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून साधा धावदोरा घालायचा. तिथल्या बायका चितिरिया माँ, म्हणजे चिंध्यांची माता, हिचं नाव घेतात. ही कला बुडत चालली होती. १९८८ मध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात विजी श्रीनिवासन यांच्या अदिती या संस्थेच्या मदतीनं बायकांनी ती पुन्हा उभी केली, आणि २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं. कापडाचे फाटके तुकडे एकत्र आले की नव्या जिवाला आधार होतो, हे इतक्या दूरदूरच्या बायकांना आपापलं सुचलं.

अंगणातला टाका

आमच्याकडे वाकळेचं काम उन्हाळ्यात निघायचं. सुगी आटोपलेली, दुपार मोठी, अंगण सारवलेलं. लुगडी पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड किंवा तांब्या ठेवायचा, सुरकुती काढायची आणि मोठमोठे कच्चे टाके घालून पदर एकमेकांना धरायचे. मग शेजारच्या दोघी-तिघी चार बाजूंनी बसायच्या. कडेपासून सुरुवात, आणि चौकटीच्या आत चौकट करत मध्यापर्यंत. टाके बारीक, ओळी जवळजवळ, एका बोटाच्या अंतरानं. लहानपणी मला वाटायचं हे नक्षीसाठी आहे. नक्षी ती होतीच. पण विरलेल्या कापडाला स्वतःचा जोर नसतो. ओळी दूर ठेवल्या तर मधलं कापड धुण्यात फाटतं. तो बारीक टाका म्हणजे थकलेल्या कापडाला दिलेला नवा ताणा-बाणा होता.

वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी, गावातल्या सगळ्या वाकळा नदीवर जायच्या. याला दसरा काढणं म्हणतात. आई वाकळ भिजवायच्या आधी उन्हात पसरून, झटकून, शिवणीशिवणीतून बोट फिरवून बघायची. ढेकूण, मुंगी काही दिसलं तर हलकेच बाजूला करायची. आपल्या श्वेतांबर साध्वीजी रोज वस्त्रांचं पडिलेहण करतात, आर्यिका माताजी पिंछीनं जागा झाडल्याशिवाय बसत नाहीत. आईनं हे शब्द कधी वापरले नाहीत, पण तिची वाकळ झटकायची रीत त्याच जयणेची होती. पांघरुणात कापसाचं सूतच असावं, रेशीम नको, हाही आमच्या घरचा नेम होता. किड्यांना उकळून काढलेला धागा बाळाच्या अंगावर कशाला, असं ती म्हणायची.

आपल्या सीमेलगत, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोलीत कोकणी-मराठीचा मोठा वाटा. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. बाळासाठी छोटी, घरासाठी मोठी. खाली एक जुनी साडी पसरायची, कोपऱ्यापासून रंगीत तुकडे एक-एक ठेवायचे, कड आत दुमडायची आणि लगेच शिवून टाकायची. असं फिरत-फिरत मध्यापर्यंत. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावायची. फुलं नसली तर कवंदी उघडीनागडी राहिली असं त्या मानतात. अमेरिकेतले अभ्यासक हेन्री ड्रेवल यांच्या मदतीनं २००४ मध्ये या बायकांनी आपला गट केला आणि कवंदी बाहेरच्या जगाला माहीत झाली. कवंदीची ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे शिवणीत उपयोगी पडेल.

कापड बदललं

हे सगळं कुठे तुटलं? एका दिवसात तुटलं नाही. पहिला बदल गिरणीनं केला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली सुती गिरणी उभी करायला घेतली. माझ्या माहेराजवळ इचलकरंजीत १९०४ मध्ये यंत्रमाग आला. गिरणीचं आणि मागाचं लुगडं स्वस्त झालं. पण ते सुतीच होतं. म्हणून वाकळेला काही धक्का लागला नाही, उलट जुनं कापड जरा जास्त मिळू लागलं. शिवणयंत्रही आलं. एलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत सिंगरचं मशीन आपल्याकडच्या शिंप्यांकडे पोचलं. झबली-टोपडी मशीनवर गेली. दुपटं मात्र हातावरच राहिलं. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, शिवण घट्ट बसते आणि कापड ताठ होतं. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, त्यामुळे दुपटं लवचिक राहतं. बाळाला कुशीत घेताना हा फरक लगेच हाताला कळतो.

आता आपल्या वर्तकनगरकडे या. पोखरण रोडनं जाताना जेकेग्राम लागतं. तिथे रेमंडची गिरणी होती. १९२५ मध्ये तिला रेमंड वुलन मिल्स हे नाव मिळालं आणि १९४४ मध्ये ती कैलाशपत सिंघानियांकडे आली. आज रेमंड म्हटलं की लग्नातला सूट आठवतो. पण सिंघानियांनी गिरणी घेतली तेव्हा तिथे मुख्यतः जाडीभरडी, स्वस्त लोकरी ब्लँकेटं निघत होती. म्हणजे आपल्या या भागाचं पांघरुणाशी नातं जुनं आहे. फक्त ते पांघरूण पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतलं, टोचणारं. बाळासाठी ते कुणी वापरलं नाही.

खरा बदल १९६० च्या दशकात झाला आणि तोही ठाण्याच्याच वाटेनं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना उभा राहिला. देशात पॉलिएस्टरचा धागा बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारखान्यांपैकी हा एक. त्या धाग्याचं नाव टेरीन. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना टेरीकॉटचे शर्ट आणि नायलॉनच्या साड्या आठवतील. इस्त्री नको, खळ नको, तासाभरात वाळते, दहा वर्षं फाटत नाही. नळावर रांग लावून पाणी भरणाऱ्या, आठ-पाचची लोकल पकडणाऱ्या बाईला त्या साडीनं केवढी सुटका दिली. मी तिला नावं ठेवणार नाही. माझ्या सासूबाईंनीही रोजची नऊवारी सोडून पाचवारी घेतली ती त्याच दिवसांत, आणि त्या म्हणायच्या, "रोजचा एक तास वाचला बघ."

पण न फाटणारं कापड वाकळेत येत नाही. आलं तरी उपयोगाचं नाही. ते पाणी शोषत नाही, घाम धरून ठेवतं, टाका त्यावर घसरतो. दहा-पंधरा वर्षांत घराघरातला सुती लुगड्यांचा साठा संपला. नंतर भिवंडीच्या यंत्रमागांवर मिश्र धाग्याचं कापड वाढलं, उल्हासनगरात जीन्सचं काम वाढलं, आणि बाजारात किलोवर मिळणारं कटरणही तसंच झालं. सुटिंगच्या नमुन्यांचे चौकोनी तुकडे जोडून केलेल्या गोधड्या तुम्ही पाहिल्या असतील. दिसायला सुरेख, वापरायला दणकट, पण तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायच्या नाहीत. २००९ मध्ये रेमंडची इथली गिरणी बंद झाली आणि त्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत. गिरणी गेली तरी न फाटणारं कापड काही गेलं नाही.

शेवटचं लुगडं

माझ्या लेकीची पहिली खेप गेल्या वर्षी आमच्याकडेच झाली. वैशाखातलं बाळंतपण. बारशाला बाळाला सहा मऊमऊ ब्लँकेटं आली, चित्रं असलेली, गुलाबी-पिवळी. सगळी पॉलिएस्टरची. ठाण्याच्या उकाड्यात चार दिवसांत बाळाची पाठ घामोळ्यांनी भरली. मला सुती जुनं कापड हवं होतं आणि घरात एकच होतं. सासूबाईंचं हिरवं नऊवारी लुगडं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. बाकी सगळं वाटून टाकलं होतं, हे एक मी कपाटात ठेवलं होतं.

मी वन्संना फोन केला. आईचं लुगडं कापायचं तर त्यांना विचारायलाच हवं. त्या पलीकडून काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, आईची तेवढीच एक खूण उरलीय. बाजारात मलमल मिळते की." त्यांचं चुकत नव्हतं. मलमल मिळते. पण मला वाटत होतं की सासूबाईंनी स्वतः एकही लुगडं कपाटात घडी घालून ठेवलं नव्हतं. त्यांच्या सासूचं लुगडं माझ्या नवऱ्याच्या अंगाखाली गेलं आणि संपलं. आपण अपरिग्रहाचं व्रत ऐकतो तेव्हा दागिने, पैसा, जागा डोळ्यांसमोर येते. आठवणीचाही परिग्रह होतो, हे त्या लुगड्यापुढे बसून मला पहिल्यांदा कळलं. मी वन्संना हे सगळं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "तुम्ही या. तुम्ही नाही म्हणालात तर नाही कापणार."

त्या रविवारी आल्या. लुगडं उजेडात धरलं तर तीन ठिकाणी आरपार दिसत होतं. आणखी पाच वर्षांनी ते घडीवरच तुटलं असतं. वन्संनीच कात्री मागितली. विरलेला भाग सोडून दोन हात लांबी-रुंदीचे सहा तुकडे निघाले. तीन-तीन पदरांची दोन दुपटी. एक माझ्या लेकीच्या बाळाला आणि दुसरं वन्संच्या घरी, त्यांच्या सुनेला पाचवा महिना होता तिच्यासाठी. काठ त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि दोन्ही दुपट्यांच्या कडा स्वतःच्या हातानं शिवल्या. घामोळी जायला उघडं अंग, वारा आणि सुती कापड एवढंच पुरलं.

आता शिवण

ज्यांच्याकडे जुनं लुगडं नाही, त्यांनी काय करायचं? नवं कापड घ्यायचं, पण त्याला नवं समजूनच वागवायचं. माझी पद्धत सांगते.

आधी कापड ओळखा. दुकानदार कॉटन म्हणेल. एक दोरा ओढून घ्या आणि मोरीत चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख चिमटीत विरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर ते कापड बाळाला नको.

मग खळ काढा आणि कापड आटवा. वरचं, खालचं, मधलं, सगळे पदर रात्रभर पाण्यात, सकाळी कोमट पाण्यात धुऊन कडक उन्हात. असं दोनदा. दुपटं पहिल्या धुण्यात गोळा होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. वरचा पदर धुतलेला, आतला कोरा. आतला आटतो आणि वरचा फुगतो.

पदर किती? जुनं सुती असेल तर तीन. नवी मलमल असेल तर चार चालतील. आत कापसाचा थर घालायचा मोह ठाण्याच्या हवेत टाळा. माप दोन हात बाय दोन हात, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर.

कच्चे टाके जमिनीवरच घाला, पलंगावर नाही. मध्यापासून चारी दिशांना, सूर्याच्या किरणांसारखे, वीतभर अंतरानं. कंटाळा येतो, पण इथे वाचवलेली अर्धी घटका पुढे दोन दिवस घेते.

आता सुरुवात कुठून? आमच्या आया कडेपासून आत जायच्या. त्यांचं कापड विरलेलं, सैल, हातानं ओढून सरळ होणारं, आणि चार बाजूंनी चौघी ताणायला बसलेल्या. आपण एकट्या बसतो आणि कापड घट्ट. कडेपासून गेलं तर राहिलेला ढिलेपणा मध्ये जमतो आणि तिथे फुगा येतो. म्हणून पदर आधीच एकावर एक बसवलेले असतील तर मध्यापासून बाहेर जा, म्हणजे ढिलेपणा कडेला निघून जातो. तुकडे जोडून कवंदीसारखं करायचं असेल तर मात्र कडेपासूनच सुरू करा. तिथे पुढचा तुकडा अजून ठेवलेलाच नसतो. प्रत्येक तुकडा ठेवताना सपाट करता येतो, म्हणून ढिलेपणा साठत नाही. सिद्दी बायकांनी हे गणित आपापलं सोडवलेलं आहे.

सुई आखूड आणि बारीक घ्या. लांब सुईनं टाका लांबच पडतो. दोरा सुती, हातभरापेक्षा थोडा लांब, त्याहून जास्त नाही. लांब दोरा पिळतो आणि गाठी पडतात. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्या. वर दिसतो तेवढाच टाका खाली दिसला पाहिजे. अधूनमधून उलटं करून बघा. एक ओळ पुरी झाली की दोन्ही टोकं धरून अंगठ्यानं ओळ सरळ ताणा आणि मगच दोरा पक्का करा. ही एक सवय लागली तर चुण्या पडायच्या थांबतात. ओळींमधलं अंतर जुन्या कापडात एक बोट, नव्यात दोन बोटं चालतील. नवं कापड स्वतःच्या जोरावर उभं असतं.

गाठ वर ठेवू नका. सुई पदरांच्या मधून घालून हलकासा झटका द्या, गाठ आत जाते. संपवतानाही दोन टाके मागे घेऊन दोरा पदरांमध्येच सोडून कापा. तान्ह्याच्या पाठीला बारीक गाठही टोचते. कडेला गोट लावायचा तर कोपरे गोल ठेवा आणि पट्टी उरेब कापा, म्हणजे वळणावर ती ओढली जात नाही. आरसे, मणी, बटणं, लोंबणारी लेस यातलं काहीही नको. निघालं की ते बाळाच्या तोंडात जातं.

वापराबद्दलही एक सांगते. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण घालू नये, आसपास मऊ उशा-गाद्या ठेवू नयेत, बाळाला उताणं झोपवावं, असं आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर पांघरूण आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. म्हणून दुपटं मांडीवर घ्यायला, मालिशीला, सतरंजीवर खेळवायला, जागं बाळ कुशीत गुंडाळायला. गुंडाळताना पाय मोकळे राहू द्या, बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ करून घट्ट आवळण्याची जुनी पद्धत खुब्याच्या सांध्याला वाईट. आजीचं सगळंच बरोबर होतं असं नाही, आणि सगळंच चुकीचं होतं असंही नाही. टाका तिचा घ्या, आवळणं सोडा.

शेवटचं एक काम. वाकळेवर शिवणारीचं नाव कधी नव्हतं, म्हणूनच इतक्या बायकांचं काम कुणाचंच न होता संपून गेलं. तुमच्या दुपट्याच्या एका कोपऱ्यात साल टाका आणि ज्यांचं कापड आहे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. बाळासाठी नको असलं तरी तुमच्या लेकीसाठी टाका. दुपटं झिजलं की अक्षरही झिजेल, त्याला हरकत नाही.

कुणाकडे जुनं सुती लुगडं पडून असेल आणि शिवायला कुणी नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा आणि मगच कापा. पुढच्या वेळी कुंचीबद्दल लिहीन. तिचा तो मागचा त्रिकोण नेमका कसा बसवायचा, हे मला माझ्या मावशीकडून पुन्हा शिकून घ्यायचं आहे.

जय जिनेंद्र.